बुचापर्यंत तेल, तरी कमी

परवा शनिवारी मित्राच्या एमएम ५४० मधून सोलापूर रोडने पुण्याकडे येत होतो. उरुळी कांचन सोडलं आणि मागून एक गुणगुण सुरू झाली. ताशी ५० च्या पुढे गेलं की वाढायची, ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलायचा. "नवीन टायर आहेत, त्यांचा आवाज असेल," इति मित्र. टायरचा आवाज पायाखालच्या पेडलप्रमाणे सूर बदलत नाही हे त्याला सांगेपर्यंत लोणी काळभोर आलं.

लोणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, त्यामुळे रस्त्याला टँकर आणि टँकरमागे मिस्त्री. एका काकांनी गाडीखाली हात घातला, पिनियनच्या बाजूला बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"उचललीय ना गाडी?"

हो. महिन्यापूर्वी शहरातल्या एका गॅरेजमध्ये मागचे शॅकल दोन इंच लांब करून घेतले होते. काकांनी डिफरन्शिअलचं बूच उघडलं. नव्वद नंबर ऑइल बरोबर भोकाच्या कडेला! मित्राचा चेहरा खुलला. काका म्हणाले, "तरी कमीच आहे."

रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा काकांचं म्हणणं पटलं. पाट्याचं पुढचं टोक चॅसीला पिनने जोडलेलं, मागचं शॅकलला. शॅकल दोन इंच, म्हणजे ५० मिमी लांब केला की पाट्याचं मागचं टोक चॅसीपासून तेवढं खाली जातं. ॲक्सल मधोमध, म्हणून गाडी उचलली जाते फक्त एक इंच. (हेही बहुतेकांना माहीत नसतं. दोन इंचाचे पैसे देऊन एक इंच घरी आणतात!) पण पाटा तिरका झाला, आणि ॲक्सल पाट्याला यू-बोल्टने आवळलेला. पाटा एक मीटर लांब धरला तर कोन येतो जवळजवळ ३ अंश. पिनियनचं नाक वर, मागचं कव्हर खाली.

आता तेलाकडे या. डिफरन्शिअलमध्ये पंप नसतो. क्राउन व्हीलचा खालचा भाग तेलात बुडतो, फिरताना तेल वर उडवतो, आणि ते हाउसिंगमधल्या खाचेतून पिनियनच्या बेअरिंगांकडे वाहत जातं. वाहतं ते उतारावरून, स्वतःच्या वजनाने. नाक वर केलं की सगळ्यात पुढचं, ऑइल सीलजवळचं बेअरिंग चढावर जातं. आमच्या गाडीत बूच मागच्या कव्हरवर, ॲक्सलच्या मध्यापासून अंदाजे १० सेमी मागे. ३ अंशात ते ५ मिमी खाली येतं, म्हणजे बुचातून तेल ओघळतं ते ५ मिमी आधीच. पुढचं बेअरिंग मध्यापासून २० सेमीवर धरा, ते १० मिमी वर गेलं. एकूण १५ मिमीचा फरक. आणि मेकॅनिक बोट घालून म्हणतो, लेव्हल ओके.

आमच्या धंद्याच्या भाषेत ते बूच म्हणजे हार्डकोड केलेली व्हॅल्यू. ॲक्सल अमुक कोनात राहील असं धरून कुणीतरी लिहिलेली. गृहीतक बदललं, व्हॅल्यू तीच, आणि टेस्ट मात्र पास होतेय. असला बग प्रॉडक्शनमध्येच सापडतो.

हे वाचून काही जण म्हणतील, मग शॅकलऐवजी ब्लॉक टाका, कोन बदलत नाही. खरंय. पण मग प्रोपेलर शाफ्ट जास्त तिरका होतो आणि क्रॉसवर ताण येतो. तो वाचवायला लोक पाट्याखाली पाचर घालून पिनियन वर करतात, म्हणजे फिरून तिथेच. वर दोन्ही टोकांना साधे क्रॉस असतील तर दोन्हीकडचे कोन सारखे लागतात. एकच बदलला की व्हायब्रेशन. २०२० नंतरच्या थारमध्ये पुढचं डिफरन्शिअल चॅसीला धरलेलं असल्यामुळे फिरत नाही, तिथे त्रास ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटांना. मागे मात्र सलग ॲक्सलच आहे.

माझा राग लिफ्टवर नाही. (कायद्याचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.) राग आहे तो काम अर्धं सोडून पूर्ण पैसे घेण्यावर. गाडी उचलणाऱ्याने आधीचा आणि नंतरचा पिनियनचा कोन मोजून द्यावा, तेल बुचाच्या भरवशावर न भरता जुन्या पातळीच्या हिशोबाने भरावं. गाडीचं पुढचं टोक जॅकवर घेतलं तर नाक आणखी वर जातं आणि तेल आणखी कमी मावतं, त्यामुळे भरताना मागचंच टोक उचलायचं. तेही बेतानं. जास्त झालं तर तेल घुसळून फेस होतो आणि सील किंवा ब्रीदरमधून बाहेर येतं. आणि आपणही दोषी. गॅरेजमध्ये आपण विचारतो काय, तर टायर केवढा बसेल!

पुढचं बेअरिंग निघालं तेव्हा निळं पडलेलं होतं. जुने शॅकल परत बसले, क्राउन-पिनियन वाचलं. मोठे टायर आता चाकाच्या कमानीला घासतात, आणि मित्र ते विकायला काढायच्या विचारात आहे.