गायरानावरचं गोल्फ

गोल्फचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. पहिला म्हणतो, हा श्रीमंतांचा खेळ. शेकडो एकर अडवायचे, त्यांना पाणी पाजायचं आणि बाकीच्यांनी भिंतीपलीकडून बघायचं. दुसरा सूर गृहप्रकल्पांच्या जाहिरातींचा: गोल्फ म्हणजे हिरवळ, शांतता, 'इंग्लिश कंट्रीसाइड' आणि गेटवर सुरक्षारक्षक. दोघं एकमेकांवर कितीही नाक मुरडोत, दोघांच्या डोळ्यांसमोरचं चित्र एकच असतं आणि त्याच्या चारही बाजूंना कुंपण असतं.

माझं म्हणणं असं की कुंपण हा गोल्फचा भाग नव्हेच. ते मागाहून आलं, आणि ते काढता येतं. याचा पुरावा खुद्द इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पडून आहे. त्याकडे बघायला ना गोल्फवाल्यांना वेळ आहे, ना गोल्फच्या विरोधकांना.

ग्लॉस्टरशरमधलं मिंचिनहॅम्प्टन कॉमन घ्या. मी याच परगण्यात राहते, तिथे चालायला जाते, कधीमधी वाईट गोल्फही खेळते. चुनखडीच्या पठारावरचं हे गवताळ माळरान. 1889पासून इथे गोल्फ चालू आहे, आणि गुरं त्याच्या कितीतरी आधीपासून चरताहेत. दरवर्षी मे महिन्याच्या मध्याला आसपासच्या शेतकऱ्यांची गुरं खुणा करून माळावर सोडतात. मग शरद संपेपर्यंत गाय ग्रीनच्या कडेला रवंथ करत बसलेली असते आणि खेळणारा थांबतो. शेजारून कुत्रा घेऊन कुणी चाललेलं असतं, वर पोरांचे पतंग असतात. लोहयुगातले मातीचे बांध खेळाच्या वाटेत येतात, आणि खोदलेल्या वाळूच्या बंकरांची जागा तेच घेतात. तिकीट नाही, गेट नाही, पाटी एकच: चेंडूकडे लक्ष ठेवा.

हे शक्य होतं, कारण ती जमीन 'कॉमन' आहे. आपला सगळ्यात जवळचा शब्द गायरान. फरक एवढाच की इंग्लंडात कॉमनला मालक असतो. पण गुरं चारण्याचा, नेचे कापण्याचा, सरपण गोळा करण्याचा हक्क आसपासच्या ठरावीक घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या असतो. अशा जमिनी एके काळी देशभर होत्या. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटने 5,200हून अधिक कायदे करून सुमारे 68 लाख एकर जमिनीला कुंपण घातलं. आज इंग्लंडच्या जेमतेम तीन टक्के भूभागावर कॉमन उरलंय. त्या उरलेल्या तुकड्यांपैकी काहींवर गोल्फ खेळतात, आणि माझ्या मते देशातली सगळ्यात सुंदर मैदानं तीच आहेत.

हेरफर्डशरमध्ये, वेल्सच्या सीमेला लागून किंग्टन आहे. ब्रॅडनर टेकडीवरचं हे अठरा होलचं मैदान इंग्लंडमधलं सर्वांत उंचावरचं म्हणून ओळखलं जातं. बंकर एकही नाही, गवत कापायला मेंढ्या. पेन्सविक 1891चं, तिथे चेंडू चक्क एका लोहयुगीन गडाच्या तटांवरून मारावा लागतो. ससेक्समधल्या ॲशडाउन फॉरेस्टची गोष्ट तर गायरानाच्या लढ्याचीच आहे. तिथे नेचे कापण्याच्या हक्कावरून जमीनदार आणि हक्कदार यांच्यात 1870च्या दशकात खटला उभा राहिला. त्यानंतर 1885मध्ये जंगल सांभाळायला कायद्याने मंडळ नेमलं गेलं. तीन वर्षांनी गोल्फ क्लब आला, तो त्या नियमांच्या चौकटीत. बंकर खणायला परवानगी नाही, म्हणून ओढे, खळगे आणि हेदरची झुडपं हेच अडथळे.

या मैदानांचं देखणेपण कुणा वास्तुरचनाकाराच्या प्रतिभेतून आलेलं नाही. 'इथे खणू नका, तिथे अडवू नका' असं म्हणण्याचा हक्क दुसऱ्या कुणाकडे तरी होता, म्हणून ते टिकलं. गोल्फवाली मासिकं या मैदानांना 'लपलेली रत्नं' म्हणतात, तेव्हा मला राग येतो तो यामुळेच. लपलेलं काय आहे त्यात? गावातला प्रत्येक माणूस तिथून रोज जातो!

आता विरोधकांचा रास्त मुद्दा. वर्गभेद इथेही होताच की. होता, आणि चांगला जाडजूड होता. डेव्हनमधल्या नॉर्थम बरोजवर 1864मध्ये सुरू झालेला रॉयल नॉर्थ डेव्हन क्लब आजही त्याच जागी खेळतो. इंग्लंडमध्ये इतकं जुनं, मूळ जागेवरचं दुसरं मैदान नाही. तिथे गावकऱ्यांच्या मेंढ्या-घोड्यांना चरण्याचा हक्क आहे. त्याच गावात 1871मध्ये एका मजुराच्या घरी जे. एच. टेलर जन्मला. अकराव्या वर्षी शाळा सुटली, मग साहेबांच्या पिशव्या वाहणं. साहेब मैदानाचे सभासद, गावकरी कॅडी. कामगारांसाठी निराळे 'आर्टिझन' क्लब निघाले, तेही अटींवर: वर्गणी कमी, वेळा ठरावीक, आणि मोबदल्यात मैदानाची डागडुजी करायची. बहुतेक ठिकाणी क्लबहाऊसचं दार बंदच.

पण याच टेलरने 1894 ते 1913 या काळात पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकली, व्यावसायिक खेळाडूंची संघटना उभी केली, आणि 1957मध्ये ज्या क्लबात तो पिशव्या वाहायचा त्याचा अध्यक्ष झाला. ॲशडाउनच्या आर्टिझन क्लबातून आलेल्या एब मिचेलची प्रतिमा आज रायडर कपच्या टोकावर उभी आहे. या दोन उदाहरणांनी अन्याय धुऊन निघत नाही. एवढं मात्र दिसतं की पोराला मैदानावर पाऊल ठेवता आलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. मैदानाला भिंत असती तर टेलर आयुष्यभर भिंतीबाहेरचा मजूर राहिला असता.

म्हणूनच इंग्लंडच्या कायद्यातलं एक कलम मला खुपतं. 2000 सालच्या कायद्याने डोंगर, माळरानं आणि नोंदणीकृत कॉमन यांवर मोकळेपणाने भटकण्याचा हक्क लोकांना दिला. त्यातून जी जमीन वगळली, तिच्या यादीत शर्यतीची मैदानं आणि विमानतळ यांच्या पंगतीला गोल्फची मैदानंही बसवली आहेत. मिंचिनहॅम्प्टन किंवा ब्रॅडनर टेकडीवर आपण फिरू शकतो ते या कायद्याच्या कृपेने नव्हे. ती कॉमन नॅशनल ट्रस्टकडे आहेत आणि ट्रस्टच्या 1907च्या कायद्याने ती खुली ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून. जिथे असा जुना आधार नाही, तिथे सार्वजनिक पायवाट सोडून एक पाऊल बाजूला टाकलं की तुम्ही घुसखोर.

यावर क्लबांचं उत्तर ठरलेलं असतं: सुरक्षितता. चेंडू डोक्यात बसेल, ग्रीन खराब होतील. मग शेजारच्या स्कॉटलंडचं काय? 2003च्या कायद्याने तिथे कुणालाही गोल्फ मैदान ओलांडून जाता येतं. अटी दोनच, खेळात व्यत्यय आणू नका आणि ग्रीनवर पाय देऊ नका. जिथे हा खेळ वाढला, तिथे त्याने काही जीव सोडलेला नाही. आणि मिंचिनहॅम्प्टनच्या गायींनी तर अटीही वाचलेल्या नाहीत. इंग्लंडने ते कलम बदलावं, स्कॉटलंडची अट उचलावी. माझी मागणी एवढीच आहे.

दुसऱ्या टोकाच्या मित्रांना ही मागणी मिळमिळीत वाटते. त्यांना मैदानं बंद करून तिथे घरं किंवा जंगल हवं. कुंपणातल्या, पाणी आणि खत पिणाऱ्या मैदानांबद्दल त्यांनी जरूर बोलावं, मी सोबत आहे. पण सरसकट 'गोल्फ हटाव' म्हणताना या जुन्या माळांनाही त्याच काठीने हाणू नका. सव्वाशे वर्षं गुरं, चालणारे आणि खेळणारे यांनी एकमेकांसाठी थांबायला शिकून जे जमवलंय, ते एकदा मोडलं की कायद्याने परत उभं राहत नाही.

आणि आपल्याकडे 'इंग्लिश' गोल्फची स्वप्नं विकणाऱ्यांना एक सूचना. नक्कल करायचीच असेल तर मिंचिनहॅम्प्टनची करा. भिंत पाडा, गावाची पायवाट मधून जाऊ द्या, उन्हाळ्यात गवत पिवळं पडू द्या, आणि ज्यांच्या गायरानाच्या बाजूला प्रकल्प उभा राहतोय त्यांची गुरं आत येऊ द्या. मग माहितीपत्रकावर 'इंग्लिश कंट्रीसाइड' खुशाल छापा.