अंकुशी रुपया आणि वहीच्या पानाची चिठ्ठी



जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनांत बिलाशिवाय उलाढाल होते, सरकारचा कर बुडतो, अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. तक्रार खोटी नाही. मी बँकेतला निवृत्त रोखपाल. लोणी काळभोरहून बसने हडपसर गाडीतळ, तिथे गाडी बदलून कर्वे रस्ता, असा प्रवास करून गेली बरीच वर्षे ही प्रदर्शने पाहतो आहे. पक्के बिल हातात पडल्याचे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील. पण याचे खापर टेबलामागे बसलेल्या विक्रेत्यावर फोडून मोकळे होणे मला पटत नाही. म्हणून हे पत्र.

आधी माझीच फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात पेशवाईतला अंकुशी रुपया घेतला. पुण्याच्या टांकसाळीचा, अंकुशाचे चिन्ह असलेला. किंमत 2,200 रुपये. बिल मागितले तर विक्रेता हसून म्हणाला, "काका, बिल पाहिजे तर पाच टक्के वर. आणि माझा नंबर निपाणीचा, तो इथं पुण्यात चालत नाही." मग त्याने शाळेच्या वहीचे पान फाडून त्यावर लिहून दिले : 'चांदी नाणे 1 नग, 2200'. ना नाव, ना तारीख, ना सही. घरी येऊन भिंग लावले तेव्हा रुपयाच्या कडेला साच्याची शिवण दिसली. काट्यावर ठेवला तर जवळपास अर्धा ग्रॅम कमी भरला. ओतीव नक्कल! ती चिठ्ठी घेऊन मी कुणाकडे जाणार होतो? 110 रुपये वाचवायच्या नादात 2,200 गेले. चूक माझीही होतीच. बिलावर अडून बसायला हवे होते.

एवढे होऊनही निपाणीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, करनोंदणीच्या नंबराविषयी तो खोटे बोलला नव्हता. वस्तू व सेवा कराच्या (जीएसटी) कायद्यात 'प्रासंगिक करपात्र व्यक्ती' नावाचा प्रकार आहे. ज्या राज्यात तुमचे कायमचे दुकान नाही तिथे अधूनमधून माल विकायला गेलात, तर त्या राज्यात वेगळी नोंदणी घ्यावी लागते. उलाढाल कितीही लहान असो, यातून सुटका नाही. अर्ज विक्री सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी करायचा. नोंदणीची मुदत जास्तीत जास्त 90 दिवस, वाढवून मिळाली तर आणखी 90. आणि यातली खरी मेख अशी की किती विक्री होईल याचा अंदाज बांधून त्यावरचा कर आगाऊ भरायचा. शनिवारी किती शिवराया खपतील हे कुणी सोमवारी सांगू शकते का? जास्त भरलेला कर परत मिळतो, पण विवरणपत्रे भरून झाल्यावर. छोट्या व्यापाऱ्यांसाठी असलेली एक टक्क्याची आपसमेळ योजनाही अशा विक्रेत्याला मिळत नाही. तीन दिवसांच्या टेबलासाठी एवढा खटाटोप करायचा, म्हणजे सीएची फी आलीच.

आता कागलचा विक्रेता घ्या. तोही तोच माल घेऊन त्याच हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर बसतो. तो महाराष्ट्रातला, त्यामुळे वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर त्याला कसलीच नोंदणी लागत नाही. कागल ते निपाणी ही महामार्गावरची फार तर अर्ध्या तासाची वाट. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दोन्ही गावे मुंबई राज्यातच होती. मधे राज्याची हद्द आली म्हणून एकाला पूर्ण मोकळीक आणि दुसऱ्याला आगाऊ कर. गोव्याचा किंवा इंदूरचा विक्रेता आला तरी हेच. मग तो काय करतो? वहीचे पान फाडतो.

सरकारला ही अडचण कळत नाही असेही नाही. हातमाग, हस्तकला विकणारे कारागीर राज्याराज्यांतल्या जत्रा-प्रदर्शनांना जातात, त्यांची हीच कुचंबणा व्हायला लागली तेव्हा सप्टेंबर 2017 मध्ये अधिसूचना काढून ठरावीक उलाढालीपर्यंत त्यांना या नोंदणीतून सूट दिली गेली. पॅन आणि ई-वे बिल एवढ्या अटी ठेवल्या. जीएसटी लागू होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मग हीच सूट, याच अटींवर, नाण्यांच्या प्रदर्शनातल्या छोट्या विक्रेत्यांना का मिळू नये?

संग्राहक मंडळींत एक मतप्रवाह असा आहे की जुनी नाणी हा वारसा आहे, त्यावर कर नकोच. मला ते मान्य नाही. वारसा म्हणायचे आणि सौदा मात्र बाजारभावाने करायचा, हे दुटप्पी झाले. शिवाय दर म्हणाल तर नाणकशास्त्रीय नाण्यांवर तो सुरुवातीपासून 5 टक्के आहे. शंभर वर्षांवरच्या पुरातन वस्तूंवर 12 टक्के होता, तोही 22 सप्टेंबर 2025 पासून 5 वर आला. पूर्वी एकाच टेबलावरच्या पितळी समईला 12 आणि तिच्या शेजारच्या ढब्बू पैशाला 5, असा घोळ होता. तो मिटला. सराफाकडे लक्ष्मीपूजनासाठी चांदीचे नाणे घेतले तर त्यावर 3 टक्के, ही गंमत मात्र उरलीच आहे. पाच टक्के मी आनंदाने देईन. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली असा एक रुपया देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापायचाच. आपल्या लोकांना याची सवय जुनी आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे : हे पाच टक्के कशावर? जुन्या, वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी जीएसटीच्या नियम 32 च्या पाचव्या पोटनियमात सोय आहे. खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल आणि वस्तूच्या मूळ स्वरूपात बदल केला नसेल, तर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर. माझ्या फसलेल्या रुपयाचेच उदाहरण घेऊ. समजा विक्रेत्याने तो कुणा घरगुती माणसाकडून 1,900 ला घेतला आणि मला 2,200 ला विकला. फरक 300 चा, कर 15 रुपये. त्याने माझ्याकडे मागितले होते 110. पंधरा रुपयांसाठी कुणी बिल टाळत नाही, ना देणारा ना घेणारा. पण प्रदर्शनात मी विचारतो त्यातल्या बहुतेकांनी या नियमाचे नावही ऐकलेले नसते, आणि ज्यांनी ऐकले आहे त्यांना तो जुन्या मोटारींसाठीच आहे असे वाटते. हजारो हातांतून फिरून झिजलेले नाणे 'वापरलेले' नव्हे, तर मग वापरलेले म्हणायचे कशाला? ब्रिटनमध्ये फरकावरच्या कराच्या योजनेत जुन्या वस्तूंबरोबर पुरातन आणि संग्राह्य वस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडेही एका परिपत्रकात जुन्या नाण्या-नोटांचे नाव घालावे, शंकाच उरणार नाही.

नोटांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. काउंटरवर असताना 786 आकड्याची किंवा सगळे अंक सारखे असलेली नोट बाजूला ठेवा म्हणून गळ घालणारे ग्राहक रोज भेटत. दहाची नोट, पाचशेला विकली जायची. पैशाच्या विक्रीवर कर कसला, असे मलाही वाटे. पण कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'पैसा' या शब्दाची व्याख्या करताना नाणकशास्त्रीय मूल्यासाठी बाळगलेले चलन त्यातून स्पष्ट वगळले आहे. म्हणजे तीच दहाची नोट वाण्याला दिली तर पैसा, आणि संग्राहकाला विकली तर माल. कायदा लिहिणाऱ्याने इतका बारीक विचार केला, याचे कौतुक वाटते. तेवढाच बारीक विचार टेबल मांडणाऱ्याचाही व्हावा.

'हौसेला मोल नाही, श्रीमंतांचे चोचले आहेत, भरू दे कर,' असे म्हणणाऱ्यांनी बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक चक्कर मारावी. तिथे भोकाचे पैसे निवडत उकिडवे बसलेले लोक पाहावेत. प्रदर्शनांतही लिलावातली सोन्याची मोहोर घेणारा एखादाच. बाकी शाळेची पोरे वीस-तीस रुपयांची नाणी घेत असतात. दोनशे रुपयांच्या आतल्या अशा विक्रीला प्रत्येक वेळी वेगळे बिल लागत नाही, हेही विक्रेत्यांना कुणी सांगत नाही. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थांना एवढे तरी करता येईल : दारातच एक टेबल टाकून करसल्लागार बसवावा, विक्रेत्यांना आधीच लेखी सूचना द्याव्यात, आणि बिल न देणाऱ्याला पुढच्या वर्षी टेबल देऊ नये. पण हे शेवटचे कलम निपाणीवाल्याला सूट मिळाल्यावर लावावे, आधी नाही.

खोटा रुपया आणि ती चिठ्ठी मी अल्बमच्या एकाच खिशात ठेवली आहे. गेल्या वर्षी तो विक्रेता पुन्हा दिसला. मी रुपया दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हा माझ्याकडचा कशावरून?"

आपला,
एक नाणेसंग्राहक,
लोणी काळभोर, ता. हवेली, जि. पुणे