झोळी बांधायची, पण सैल!

माझी दोन्ही मुलं झोळीत वाढली. सासूबाईंच्या जुन्या मऊ लुगड्याची झोळी, माजघरात वाशाला बांधलेली. एका हाताने दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने तांदूळ निवडायचे. पोर झोपलं की त्या झोळीकडे बघून मनात यायचं, आपल्यालाही कुणीतरी असं घालून झोका द्यावा! पण हे बोलायचं कुणाजवळ? आमच्या घरी बाई दुपारी पडवीत दहा मिनिटं आडवी झाली, तरी “बरं नाही का गं?” असं विचारायची पद्धत.

आणि पन्नाशी उलटल्यावर ती झोळी पुण्याहून पार्सलने आली. तिथे नोकरी करणाऱ्या लेकीने माझ्या वाढदिवसाला पाठवली. मुठीपेक्षा थोडी मोठी निळी पिशवी, आत नऊ फुटांचं तलम कापड आणि दोन कड्या. फोनवर म्हणाली, “आई, हॅमॉक आहे. दोन झाडांना बांध आणि मस्त झोप.”

हा शब्द आपल्याला इंग्रजांकडून मिळाला, पण मूळचा तो त्यांचाही नाही. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला, तेव्हा तिथले ताइनो लोक विणलेल्या जाळीत झोपलेले दिसले. त्या जाळीला ते ‘हमाका’ म्हणत. पुढे युरोपातल्या खलाशांनी ती जहाजांवर नेली. जहाज हललं की झोळी हलते, माणूस खाली पडत नाही. ओल्या जमिनीपासून, सापा-किड्यांपासून वर राहायचं ही त्या बेटावरच्या लोकांची अक्कल. पावसाळी मुलूख कुठलाही असो, शहाणपण सारखंच, नाही का?

आमच्या घरात मात्र त्या दिवशी शहाणपण नव्हतं! झाडाला बांधायचे पट्टे वेगळे घ्यावे लागतात हे मला ठाऊक नव्हतं. मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली. एक टोक आंब्याला, दुसरं काजूच्या फांदीला. आणि झोळीला झोळ नको म्हणून चांगली ताणून, ताठ बांधली. वाळवणाची दोरी ताठच बांधतो ना आपण! वर बसले मात्र, ‘फाट्’ असा आवाज आला आणि मी थेट माकडहाडावर. काजूची फांदीही अर्धी मोडून लोंबत होती. पुढचे पंधरा दिवस मी उशीवर बसून पोळ्या लाटल्या. सासूबाई (वय ब्याऐंशी) म्हणाल्या, “अगं, पोराची झोळी कधी अशी ताठ बांधली होतीस का?”

अगदी बरोबर होतं त्यांचं. पोराची झोळी आपण खोल, सैल सोडतो. स्वतःसाठी बांधताना मात्र ती खाटेसारखी सपाट हवी असं वाटतं.

लेकीने मग फोनवर हिशेब सांगितला. तो ऐकून मला घाम फुटला, म्हणून तुम्हालाही सांगते. माझं वजन पासष्ट किलो. (छापा खुशाल, आता काय लपवायचं!) झोळी बांधलेली दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश खाली उतरत असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर ६५ किलोचा ताण येतो. तीच दोरी ताणून कोन १० अंशांवर आणला तर ताण १८७ किलो! आणि ५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ ताठ, तर ३७० किलोच्या पुढे. माणूस तेच, झाड तेच, दोरी तीच. नुसती ताठ बांधली म्हणून पाचपटींहून जास्त ओढ. कपड्यांची बिचारी दोरी काय करणार?

३० अंश मोजायला शाळेचा कोनमापक नको. लहान मुलं बंदूक करतात तसा हात धरा, अंगठा वर, तर्जनी समोर आडवी. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत मनातल्या मनात रेघ ओढली, की तो उतार साधारण तेवढाच भरतो. दोरीचा उतार त्या रेघेशी जुळला की झालं.

तर मैत्रिणींनो, नव्याने हा नाद करायचा असेल तर माझं ठाम मत असं की पहिले पैसे झोळीवर घालू नका, पट्ट्यांवर घाला. दुकानात किंवा मोबाइलवर बघताना आपली नजर रंगावर जाते. लाल घेऊ की मोरपिशी? अहो, अंग पेलणार आहेत ते पट्टे आणि कड्या. पट्टा निदान एक इंच रुंद हवा, दोन इंच असेल तर फारच चांगला. ताणला तरी न वाढणारा हवा. त्यावर किती वजन पेलेल ते छापलेलं असतं, ते आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीने असलेलं घ्यावं. बारीक दोरीने झाडाची सालही कापली जाते. ज्या झाडाचा आंबा खायचा त्याचाच गळा कशाला आवळायचा? आणि गाठ मारायची तर सुटायला सोपी अशी मारायची पद्धत आधी कुणाकडून शिकून घ्यावी. आपली नेहमीची निरगाठ वजन पडल्यावर अशी बसते की शेवटी कोयताच घ्यावा लागतो. शिवलेले फासे असलेले पट्टे मिळतात, त्यांत कडी अडकवली की काम झालं. नवशिकीला तेच बरे.

झोळीचं कापड निवडताना मी दोनच गोष्टी बघते. एक म्हणजे लांबी. नऊ फूट तर हवीच, दहा असेल तर उत्तम. कारण झोळीत सरळ झोपायचं नसतं, तिरकं झोपायचं असतं. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला सरकवले की पाठ बऱ्यापैकी सपाट होते, केळ्यासारखी वाकत नाही. आखूड झोळीत हे जमत नाही, आणि मग “आमच्या कंबरेला नाही बाई सोसत” म्हणून ती माळ्यावर जाते. दुसरी गोष्ट म्हणजे लवकर वाळणं. सुती झोळी अंगाला छान लागते, पण आपल्याकडे सुती वस्तूचं काय होतं ते २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात कुणाला सांगायला हवं? वाशिष्ठी घरात शिरून गेली, त्यानंतर आमच्या कापसाच्या गाद्या वाळल्याच नाहीत, शेवटी फेकून दिल्या. नायलॉनचं कापड झटकलं की वाळतं आणि भाजीच्या पिशवीत मावतं. रिसॉर्टात दोन्ही टोकांना लाकडी दांडे लावलेली जाळीची झोळी असते, ती फोटोपुरती. जरा कूस बदलली की उलटते!

मच्छरदाणीशिवाय मात्र आपल्याकडे रात्रीचं नावच काढू नका. आणि नुसती वरून टाकलेली नको. झोळीचं एकेरी कापड पाठीला घट्ट बसतं, त्यातून डास खालून चावतात. मला हे पहाटे तीन वाजता कळलं. चहूबाजूंनी, खालूनसुद्धा झोळीला वेढणारी मच्छरदाणी घ्यावी.

गारठ्याचंही तसंच. पौष-माघातल्या रात्री आपण पांघरूण वरून घेतो, पण झोळीत थंडी खालून लागते. पाठीखालचं कापड दबलेलं, त्याखाली मोकळा वारा. थंड प्रदेशात यासाठी झोळीखाली बांधायची खास रजई विकत मिळते. आपल्याला तिची गरज नाही. घरची गोधडी चौघडी करून पाठीखाली घातली की भागतं, आणि डासांनाही आडकाठी होते.

ताडपत्री चिपळूणकरणीला शिकवायची गरज नाही. मिरगाच्या आधी प्रत्येक घरी ती निघतेच. झोळीवर इरल्यासारखी उतरती बांधायची, एवढंच. पण एक युक्ती लक्षात ठेवा. पाऊस पडला की पाणी पट्ट्यावरून ओघळत थेट झोळीत येतं. पट्ट्याला झोळीच्या अलीकडे एक सुतळी बांधून खाली सोडायची, पाणी तिच्यावरून खाली गळून जातं. हे अवकाळी सरीपुरतं हं. आपल्या पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात झाडाखाली झोपणं हा शुद्ध वेडेपणा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात, तेव्हा तर झाडापासून लांबच राहायचं.

आता झाडं. जाहिरातीत एक सडपातळ मुलगी दोन माडांच्या मध्ये झोपलेली असते, हातात शहाळं. ते चित्र काढणाऱ्याने माडाखाली एक दुपार काढलेली नसावी. नारळ पडतो, वाळकी झावळ पडते, आणि दोन्ही डोक्यावरच पडतात. काजूची फांदी ठिसूळ, माझा अनुभव वर आलाच. शेवगा तर त्याहून ठिसूळ. पोफळ बारीक. बिब्ब्याच्या झाडाजवळही जाऊ नका, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. जिवंत, मांडीपेक्षा जाड खोडाचा फणस मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. आंबाही चांगला, पण वर वाळकी फांदी अडकलेली आहे का आणि पानांची शिवलेली तांबड्या मुंग्यांची घरटी आहेत का, ते मान वर करून नीट बघायचं. फांदीला बांधायचंच नाही, खोडालाच. दोन झाडांमध्ये बारा ते पंधरा फूट अंतर, पट्टा साधारण आपल्या डोक्याच्या उंचीवर, आणि आपण बसल्यावर झोळी खुर्चीइतकी उंच. म्हणजे पडलोच तर हसण्यावारी जातं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडात आणि वर दापोली-मंडणगडकडे केवढाली झाडं उपटून टाकली, ते आठवावं आणि सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी घरात झोपावं.

एक विषय कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. रात्री उठावं लागतं. आपल्या वयात तर दोनदा. त्यामुळे झोळी मोरीपासून फार लांब नको, आणि साडी नको. मी सलवार-कमीज घालते. साडीचा घोळ झोळीत असा अडकतो की उतरताना तोंडावर पडायची वेळ येते. बॅटरी हाताशी, आणि चपला जमिनीवर न ठेवता पिशवीत घालून पट्ट्याला टांगलेल्या. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं कमी नाही. पाय खाली सोडण्याआधी उजेड पाडून बघायचं. बघायचंच.

आता मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “हे सगळं पोरासोरांचं. बायकांनी झाडाला लटकून काय मिळवायचं?” मला त्यांचा राग आला नाही. आपल्याकडे बाई झोळीत दिसते ती दोनच वेळा. एकदा तान्हेपणी. आणि दुसऱ्यांदा, सह्याद्रीच्या कुशीतल्या ज्या धनगरवाड्यांना रस्ता नाही तिथून बाळंतीण किंवा आजारी बाई बांबूला झोळी बांधून खाली आणतात तेव्हा. मधल्या सगळ्या वर्षांत दोरी ओढणारी तीच. धडधाकट असताना, कुणाला काही झालेलं नसताना, आपल्याला बरं वाटतं म्हणून झोळीत पडावं, ही गोष्ट काकूंच्या कधी डोक्यातच आली नसेल. माझ्या तरी कुठे आली होती? ती लेकीच्या डोक्यात आली.

पण हौस आहे म्हणून डोळे मिटून जंगलात शिरू नका, हेही तितकंच ठामपणे सांगते. घाटमाथ्यावर कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. गुहागरच्या सुरूच्या बनात दुपारी झोळी टांगायला मजा येते, पण मुक्काम करायचा तर आधी गावात विचारावं. खासगी बागेत मालकाला विचारावं. बिबट्याचा वावर असेल तिथे तर नकोच. आणि पहिली रात्र? ती आपल्याच परसात. बाहेरचा दिवा लावलेला, मागचं दार नुसतं लोटलेलं, घरात माणसं. काही विसरलं, घाबरायला झालं, पाऊस आला, तर वीस पावलांवर आपलं अंथरूण. यात कमीपणा नाही. उलट अशा दोन-तीन रात्रींतच कळतं की आपल्याला खरोखर काय लागतं आणि दुकानदार उगीच काय गळ्यात मारतो. मला डोक्याला लावायचा दिवा लागला, फुगवायची उशी अजिबात लागली नाही.

गेल्या माघात मी परसात तीन रात्री झोपले. पहिल्या रात्री झोप लागलीच नाही. पान पडलं तरी दचकायची. दुसऱ्या रात्री डास. तिसऱ्या रात्री पहाटे जाग आली ती थेट कोंबड्याच्या आरवण्याने. पाठ दुखत नव्हती. आदल्या वर्षी दुखावलेलं माकडहाडसुद्धा गप्प होतं. (तुमचं मणक्याचं दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.) सकाळी सासूबाई काठी टेकत आल्या, पट्ट्याचा उतार बघितला, झोळीवर हाताने दाब दिला आणि म्हणाल्या, “आता नीट बांधलीस.” मग इकडेतिकडे बघून हळूच, “मला बसव जरा.” मी आणि माझ्या जावेने दोन्ही बाजूंनी धरलं. आधी बूड टेकवायचं, मग पाय आत. बसल्या! पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. पायाने जमिनीला हळूच रेटा देत राहिल्या.

आता आमच्या भिशीतल्या चौघी तयार झाल्या आहेत. झोळ्या दोनच, पण पट्टे आणि मच्छरदाण्या चार घेतल्या, झोळ्या पुढच्या भिशीतून. गुहागरच्या वाटेवर एकीच्या माहेरची वाडी आहे. तिच्या वहिनीशी बोलणं झालंय, मोरी जवळ आहे, कुत्रा बांधलेला असतो. झाडंही बघून आलो आहोत. दोन फणस, मध्ये चौदा फूट.