तुरा हवा, पण कोणाचा?

लग्नाच्या सजावटीत पिसांसारखे पांढरट, लांब तुरे तुम्ही अलीकडे पाहिले असतील. ते पंपास गवताचे. हे गवत मूळचे दक्षिण अमेरिकेतले. तेथील पंपास नावाच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवरून त्याला हे नाव पडले. आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनी परवा विचारले, "शाळेच्या बागेत हे लावावे काय?" माझे उत्तर स्पष्ट आहे : लावू नये.

गवत देखणे आहे, यात वाद नाही. परंतु पानाच्या कडेवरून बोट फिरवू नका. तेथे सिलिकेचे, म्हणजे वाळूतल्याच द्रव्याचे, बारीक दाते असतात व ते करवतीसारखे कापतात. उसाच्या फडात शिरलेल्यांना हा अनुभव नवा नाही, ऊसही गवतच!

खरा मुद्दा बियांचा. एका तुऱ्यात हजारो बिया आणि प्रत्येकीला रेशमी केसांचा झुपका. दगड ३ मीटर उंचीवरून पाऊण-एक सेकंदात खाली येतो. झुपक्याचे वजन नगण्य, पृष्ठभाग मात्र मोठा. त्यामुळे हवेचा विरोध लगेच वजनाइतका होतो व झुपका एकाच संथ वेगाने उतरू लागतो. हा वेग सेकंदाला २५ सेंटीमीटर धरा. ३ मीटर उतरण्यास १२ सेकंद लागतील. तेवढ्यात सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा त्याला ६० मीटर दूर नेईल. शाळेचे कुंपण केव्हाच मागे पडले! बी धरण्यासाठी जवळपास परागकण देणारे रोप लागते हे खरे, पण विकत घेताना ते कोण पाहतो? कॅलिफोर्निया, स्पेन, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका येथे शोभेसाठी नेलेले हे गवत आज उपद्रवी तण ठरले आहे. आपल्या नद्या-तळ्यांत माजणारी जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतूनच, फुलांच्या शोभेसाठीच आली होती.

आणि कोल्हापुरात तुऱ्यांचा तुटवडा आहे काय? नोव्हेंबर-डिसेंबरात उसाचे फड पाहा. शेतकऱ्याला तो तुरा नको असतो, कारण उसाची वाढ थांबते, पांगशा फुटतात, दशी पडते. संशोधकाला मात्र तोच हवा असतो. १९१२ साली कोइमतूर येथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी उसाचा रानटी काश गवताशी संकर केला. त्यातून 'को २०५' ही जात १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. तुऱ्यावाचून हे घडलेच नसते. आपल्या शेजारी आंबोलीलाही ऊस पैदास केंद्र आहे.

म्हणून शाळेच्या बागेत उसाची चार बेटे लावा व ती तोडू नका. कडेने वाळा लावा. त्याची खोल मुळे माती धरतील. (काश मात्र नको. जमिनीखालच्या खोडांनी तो सगळा वाफा व्यापतो.) उसाचा तुरा पिकला की दारे-खिडक्या बंद करून त्यातला एक झुपका जिन्यावरून सोडा व घड्याळ लावून वेळ मोजा. माझा २५ सेंटीमीटरचा अंदाज चुकला असेल तर जरूर कळवा.