एक घर, अनेक आजोळे

त्रिनिदाद म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. मला मात्र तिथली जनगणना अधिक बोलकी वाटते. २०११ साली त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४, तर मिश्र वंशाचे २३ टक्के लोक होते. म्हणजे बहुसंख्य कुणीच नाही!

गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले गिरमिटिये उतरले. मळेवाल्यांची सोय झाली. मुक्त झालेल्यांची मजुरी मात्र दबली. संशयाचे बीज तिथेच पडले. १९६२मध्ये स्वातंत्र्य आले, तेव्हा एरिक विल्यम्स यांनी बजावले, की इथे भारतमाता नाही, आफ्रिकामाताही नाही. आई एकच, हा देश. तरीही मते बरीचशी वंश पाहूनच पडत राहिली. भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान, बासदेव पांडे, यायला १९९५ उजाडले.

आज १ ऑगस्टचा गुलाममुक्ती दिन आणि ३० मेचा भारतीय आगमन दिन, दोन्ही साऱ्या देशाच्या सुट्या आहेत. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. आजोळ विसरायला लावून घर एक होत नाही. शेजाऱ्याच्या आजोळाचा दिवस आपला मानल्याने होते.