बहात्तर तास ही सवलत नव्हे

तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल '७२ तास' हा आकडा बहुतेकांना पाठ असतो, आणि तोच घात करतो. अजून तीन दिवस आहेत म्हणून गोळी उद्यावर, परवावर ढकलली जाते. कोणी ओळखीचे मेडिकल नको म्हणून दुसऱ्या गावी जायची संधी शोधत राहते. पण ही वीजबिलाची शेवटची तारीख नव्हे. पहिल्या दिवशी भरले काय नि शेवटच्या दिवशी भरले काय, असा हिशेब इथे चालत नाही.

या गोळीतले लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. बीज यायला उशीर झाला की वाट पाहणारे शुक्रजंतू मरून जातात. पण बीज सुटण्याची आतली तयारी आधीच सुरू झाली असेल, तर गोळीच्या हातात फारसे काही उरत नाही. ती तयारी कधी सुरू होणार, हे बाहेरून कळत नाही, म्हणून घाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या अभ्यासात पहिल्या २४ तासांत गोळी घेतलेल्यांत अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या, तिसऱ्या दिवशी घेतलेल्यांत ५८ टक्के. नंतरच्या अभ्यासांत ही घसरण इतकी सरळ दिसली नाही. तरी 'जितक्या लवकर तितके बरे' हा सल्ला बदललेला नाही.

ही गर्भपाताची गोळी नव्हे, हेही यावरून उघड व्हावे. रुजलेला गर्भ तिने पडत नाही.

भारतात ती २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ते योग्यच झाले. पण चिठ्ठीबरोबर डॉक्टरांशी होणारे दोन शब्दही गेले, आणि काउंटरवर गोळी मुकाट्याने कागदात गुंडाळून दिली जाते. मेडिकलवाल्याने निदान एक प्रश्न विचारावा: सध्या दुसरे कुठले औषध चालू आहे का? टीबीसाठीचे रिफाम्पिसिन किंवा फिट येऊ नये म्हणून दिलेली फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे या गोळीचा परिणाम घटवतात. टीबीचे रुग्ण आपल्याकडे काही थोडे नाहीत.

अशा वेळी तांबी हा चांगला पर्याय. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी कुठल्याही गोळीपेक्षा खात्रीची असते, सरकारी रुग्णालयात मोफत बसवतात आणि पुढे काही वर्षे काळजी नसते. तरीही तातडीचा उपाय म्हणून तिचे नाव क्वचितच निघते. फुकटच्या वस्तूची जाहिरात कोण करणार?

गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी थोडी पुढेमागे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भतपासणी करावी. गोळी फक्त झालेल्या संबंधापुरती असते. बीज पुढे ढकललेले असल्यामुळे नंतरच्या दिवसांत निरोध हवाच. वारंवार घेतल्याने वंध्यत्व येते ही भीती निराधार आहे, पण नेहमीच्या गर्भनिरोधक साधनांच्या मानाने ती कच्ची आहे, म्हणून सवयीची नको.

एक पाकीट आधीच आणून कपाटात ठेवायला काहीच हरकत नाही. आणायला नवरा गेला तरी मेडिकलवाला देतो.