गणेश दैवज्ञांचा वारसा

युरोपात कोपर्निकस आकाशाचे कोडे उलगडीत होता, त्याच काळी कोकणातील नांदगावी गणेश दैवज्ञ ग्रहगणित रचीत होते. त्यांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ इ. स. १५२० चा. अवघड ज्यागणित टाळून त्यांनी रीती सोप्या केल्या व श्लोकांत गुंफल्या. म्हणून त्या मुखोद्गत होत. महाराष्ट्रातील पंचांगे कित्येक शतके त्यांवरून झाली.

त्यांनी मुहूर्तांवरही लिहिले. ग्रहांवरून भाग्य कळते, यास शास्त्राचा आधार नाही. तरी त्यांची थोरवी उणी होत नाही. कारण आकाश पाहून गणित पडताळावे, हा वडील केशव दैवज्ञांचा धडा त्यांनी गिरविला. अवसरी बुद्रुकच्या शिवारावर तेच ग्रह आजही उगवतात. मुलांनी त्यांना भविष्य विचारू नये. त्यांची गती पाहावी. खरा वारसा तोच होय.